काच आसा

सकाळी साडेसातला इनासची गाडी शेडमध्ये रिकामी होते
आणि अख्खं देवगड माझ्यापुढे येऊन बसतं,
तोंड न धुतलेलं.

मी कुबलांची द्रौपदी. चार वर्षं झाली या टेबलाशी.
डावीकडे पुठ्ठा, उजवीकडे दुधाच्या पिशव्या,
पायाशी कडक प्लास्टिक, त्याला भाव बरा.
तेलकट, चिकटलेलं, एकात एक कोंबलेलं,
ज्याला कोणीच भाव देत नाही,
ते मागे, भिंतीशी. भिंत आता दिसत नाही.

कोणाच्या उंबऱ्यावर मी चढलेली नाही.
पण गाडी ज्या वाटेने फिरते तिच्या उलट ढीग पडतो,
शेवटचं घर सगळ्यात वर,
त्यामुळे कळतं.
मोंडकरांच्या घरात साखर आली ती मला सुईने सांगितली.
वहीच्या पानात गुंडाळली होती, पान ओलं.
आधी अंगठ्याला कळलं, मग मला.
वरच्या आळीतल्या मास्तरांनी सोडलेली
शिमग्यानंतर परत धरली,
बिस्किटाच्या खोक्यात आडवी लपवून.
मी कोणाला बोलले नाही.
बाटली काचेत टाकली, बूच वेगळं.

तिसऱ्यांच्या शिंपा ओल्यात की सुक्यात,
यावर एकदा मोठी सभा झाली.
साहेब घाटावरचे. पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं,
त्यात शिंपा नव्हत्याच.
रोझलीन म्हणाली, "सायबा, कुजणा नाय ता ओला कसा?"
मी म्हटलं, "आणि घाणता ता सुका कसा?"
साहेबांनी चहा मागवला.
तेव्हापासून एक तिसरी बादली आहे, कागदावर नसलेली.
ती मी घरी माडाच्या आळ्यात ओतते.
माड काही विचारीत नाही.

घरी नवरा जाळं झाडतो तेव्हाही हेच.
बांगडा, बांगडा, वेफर्सचं पाकीट, बांगडा.
दर्याला निवडता येत नाही.
पुनवेच्या उधाणानंतर पुळणीवर एक ओळ मांडून जातो फक्त:
डाव्या पायाची चप्पल, सलाईनची नळी,
मखरातलं थर्माकोलचं कमळ, अजून पांढरं.

मंगळवारी एक पुडी आली.
वर्तमानपत्राचे तीन पदर, वर सुतळी,
आणि सुतळीला गाठ नाही, सुरगाठ,
एका ओढीत सुटेल अशी.
वर निळ्या पेनाने लिहिलेलं:
काच आसा. हात सांभाळ.

आमच्याकडे कागदावर सगळे शाळेतलं मराठी लिहितात.
लग्नाची पत्रिका, बाराव्याचं बोलावणं,
नळाला पाणी नाही हा अर्जसुद्धा.
हे मात्र बोलल्यासारखं होतं.
म्हणजे लिहिताना त्या माणसाच्या समोर कोणीतरी उभं होतं.
हातमोजे दोन पावसांत फाटलेलं,
कोणीतरी.

आत कंदिलाची काच. सात तुकडे.
मी मोजले, का ते माहीत नाही.

नेमकं त्या दिवशी पोस्टाकडचा रस्ता खणलेला,
इनासने गाडी भलतीकडून आणली,
ढिगाचा क्रम मोडलेला.
गावाची औषधं ठाऊक, भांडणं ठाऊक,
कोण मुलाच्या नावाची पाकिटं न फोडता फेकतं ते ठाऊक,
आणि हे एक अक्षर ओळखता येत नाही.
रोझलीनला दाखवलं. ती म्हणाली, "बाईमाणसाचा आसा."
इनास म्हणाला, "पोराचा."

तुकडे काचेत गेले. सुतळी खिळ्याला.
राहिला कागद.
कोरडा, स्वच्छ, एक नंबरचा, रद्दीत सरळ जाणारा.
चार वर्षांत पहिल्यांदा
एका वस्तूची बादली मला ठरवता आली नाही.
ब्लाउजात आहे अजून. घामाने निळं फुटायला लागलंय.

आणि पिशव्या आता मी फाडत नाही.
गाठ शोधते,
सोडते.
वेळ जातो. इनास हॉर्न मारत राहतो.